साहेबांचे बूट कोरडेच राहिले

…आणि वर मलाच म्हणतात, "दीक्षा, तू लय बोलती गं." मी बोलते? अहो, मी बोलते कारण आमच्या वाडीत दुसरं कुणी बोलतच नाही. म्हणजे तसे बोलतात, भरपूर बोलतात. कुणाची लावणी मागे राहिली, कुणाच्या सुनेने भाकरी जाळली, कुणाचा बैल कुणाच्या बांधावर चढला, यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड बंद नसतं… पण दारात सरकारी माणूस आला, त्याने खिशातून पेन काढलं आणि विचारलं की "बोला, तुमच्या काय अडचणी आहेत?" की झालं, संपलं. सगळ्या वाडीचं एकच उत्तर. मान डोलवायची, हसायचं आणि म्हणायचं, "तसा तरास काय नाय."

ऐकलंत? तसा तरास काय नाय. तुम्हाला सांगते, आमच्याकडे मूल जन्मलं की पहिलं रडत नसावं, हेच म्हणत असावं.

आधी वाडी कुठे आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कुठल्या जंगलातून बोलतेय. आमची वाडी कर्जत आणि खालापूरच्या मधोमध. मधोमध म्हणजे काय, तर कर्जतला गेलं की म्हणतात खालापूरला विचारा, आणि खालापूरला गेलं की म्हणतात कर्जतला विचारा. वाडीच्या पुढ्यात वहाळ. उन्हाळ्यात त्या वहाळात कोंबड्या फिरतात, पण पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी त्यातून उतरतं. कमरेला लागतं, कधी छातीला लागतं. वहाळाच्या पलीकडे डांबरी सडक, शाळा, दवाखाना, कर्जतची टमटम, थोडक्यात सगळं जग. अलीकडे आम्ही. मधे पूल नाही. पूल सोडा, साकव नाही. साकव म्हणजे नुसती माणसं चालण्यापुरता छोटा पूल हो, गाड्याबिड्या काही नकोत त्याच्यावरून. दुसरी वाट आहे ना, नाही कशी, डोंगराला वळसा घालून जाते, पण तेवढ्या वेळात सडकेवरचा माणूस पुण्याला जाऊन चहा पिऊन परत येईल.

आणि नेरळच्या बाजूला जाऊन बघा तुम्ही. शहरातल्या लोकांचे बंगले झालेत तिथे. एका बंगल्याच्या अंगणात कमळाचं तळं आहे, मांजर उभं राहिलं तर बुडणार नाही एवढं पाणी, आणि त्याच्यावर पूल. लाकडी, कमानीचा, दिवे लावलेला. कशाला, तर फोटो काढायला. मी त्या पुलाकडे बघत फाटकाबाहेर किती वेळ उभी होते, वॉचमन म्हणाला, "ताई, कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, पुलाला.

तर आता आमच्या पुलाची ओळख करून देते. आमच्या पुलाचं नाव रामभाऊ. माझे आजोबा. आम्ही आबा म्हणतो. मी गंमत नाही करत, वहाळाला पाणी चढलं की आबा लेंगा गुंडाळून काठाला उभे. शाळेची पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या पाठुंगळीला, आजारी माणूस दोन्ही हातांवर. सडकेकडच्या गावातल्या पोरांना अलीकडच्या शेतावर यायचं असलं तर त्यांनाही आबाच आणणार. ज्यांची आजी आमच्या घरचं पाणी पीत नव्हती, त्या घरची पोरंसुद्धा. मी एकदा चिडून विचारलं, "त्यांची कशाला आणायची?" तर म्हणाले, "पोरं सगळी सारखीच जड." विषय संपला. आता या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मीही त्याच खांद्यावरून शिकले. मी आबांच्या खांद्यावर, दप्तर माझ्या डोक्यावर, आणि तोंडाने सातचा पाढा. मधे अडखळले की आबा भर पाण्यात थांबायचे. "पुढं?" म्हणायचे. त्यांना स्वतःला पाढे येत नव्हते, पण माझं अडखळणं बरोबर कळायचं. आजूबाजूने पाणी धो धो चाललंय, ढग गडगडताहेत, काठावर आजी ओरडतेय, "अवो, आना त्या पोरीला अल्याड," आणि हा माणूस पस्तीस आल्याशिवाय पाय उचलत नाही.

बरं, लहानपणीचं ठीक आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, परतीचा पाऊस लागलेला, सकाळी पेपर. मी म्हटलं, आबा, आता मी मोठी झाले, चालत जाते. म्हणाले, "परीक्षेला ओल्या पायानं जायाचं नाय. डोकं ठिकाणावर ऱ्हात नाय." आणि घेतलं पाठीवर. एवढी घोडी झालेली मी, ओढणी डोक्याला बांधून आजोबांच्या पाठीवर बसून परीक्षेला चालले. पेपर कसला होता माहितीये? शासनाची धोरणं कशी बनतात याचा. आणि प्रश्न आला, ग्रामीण भागाच्या गरजा धोरणात का उतरत नाहीत, सविस्तर लिहा. मी लिहिलं, सविस्तर लिहिलं. मागणी खालून वर गेली पाहिजे, योजना वरून खाली आली पाहिजे, लोकांना विचारलं पाहिजे, लोक सांगतील… पुरवणी घेऊन लिहिलं. कोरड्या पायांनी.

लोकांना विचारा म्हणे, लोक सांगतील. ज्याने कुणी पुस्तकात हे लिहिलं ना, त्याला माझी आजी भेटलेली नाही.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारचे नागूकाका, त्यांची नात रुचिता आबांच्या पाठीवर होती, आणि मधल्या खड्ड्यापाशी आबांचा पाय सरकला. मी काठावरून बघत होते. आबा दिसेनात. नुसती रुचिता दिसत होती, पाण्याच्या वर, दोन हातांवर. आबा पूर्ण खाली आणि पोरगी वर, जशी कुणी ट्रॉफी वर धरावी तशी. मग आबांचं डोकं आलं वर. तिला काठावर ठेवली, हसले, लेंगा पिळला, घरी आले. आजीने चहा दिला. कप बशीवर वाजत होता… टक टक टक टक. आजी बघत होती, मी बघत होते. आबांनी कप खाली ठेवला, हात मांडीखाली घेतला आणि काय म्हणाले सांगा बघू?

हो. तेच म्हणाले.

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला त्या पाण्यातून बाहेर काढायचं. लोकांना वाटतं दीक्षा गावाच्या विकासासाठी झगडते. छे हो. मला माझे आबा हवेत, कोरडे. आणि ते बाहेर येणार कधी, तर साकव झाला की. त्याआधी मी त्यांना दाव्याने खुंटीला बांधलं तरी खुंटीसकट जातील पाण्यात.

मग लागले मागे. माझा भाऊ कपिल रसायनीला कंपनीत आहे, पायात घालायचे बूट गळ्यात घालून रोज वहाळ उतरतो, पण त्याला म्हटलं चल कचेरीत, तर म्हणाला, "ताई, मला सुट्टी नाय." गेले एकटीच. या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून जेवणाच्या सुट्टीवर. आणि नशीब बघा, तेवढ्यात नवीन पद्धत निघाली. मुंबईत बसून योजना आखायच्या नाहीत, साहेबांनी गावात जायचं, गावालाच गरज विचारायची आणि मग ठरवायचं. मी तर उडालेच. माझ्या पेपरातलं उत्तर हो हे, पुरवणीसकट. साहेबांची तारीख मिळाली, वाडीत सांगितलं, सगळे खूश. आजी तर फार खूश. मी भोळी, मला वाटलं साकव होणार म्हणून खूश आहे. ती खूश होती पाहुणा येणार म्हणून.

साहेब आले. गाडी पलीकडे थांबली. आणि वहाळ त्या दिवशी अगदी माझ्या बाजूने होता, कमरेच्या वर, लाल, गरगरणारा. मी मनात म्हटलं, या साहेब, उतरा. छान भिजा. बूट भरू देत, मोजे भिजू देत, पँट चिकटू दे. एक ओला मोजा माझ्या वर्षभराच्या खेट्यांपेक्षा जास्त बोलणार होता. साहेब पाण्याकडे बघताहेत, बुटांकडे बघताहेत, परत पाण्याकडे बघताहेत… आणि मी शेजारी बघते तर आबा नाहीत. आबा पाण्यात. आबा पलीकडे. आबा वाकलेत.

"या पाव्हनं, पाठीवर या."

"अहो काका, मी जड आहे हो." आणि होतेच, चांगले भरलेले होते साहेब.

"भाताची गोन नेतो की मी. तुमी निदान हसताय तरी, गोन हसत बी नाय."

आणि आणले. अलगद आणले. साहेब अलीकडे उतरले, स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि पलीकडच्या ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "अरे, कोरडेत!" एवढा आनंद त्यांना बढतीलाही झाला नसेल.

मग समाजमंदिरात बैठक. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघतेय, बोला, आता तरी बोला. साहेब चांगले होते हो, मनापासून विचारत होते. "पाण्याची काही अडचण?" आमचे लोक म्हणाले, "पानी लय हाय, आता बघितलाव नव्हं." "दवाखान्यात जायला?" "आजारीच कोन पडत नाय." हे म्हणणारे नागूकाका, ज्यांना पावसाळाभर खोकला असतो. खोकला गिळून गिळून तोंड लाल झालं होतं त्यांचं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पाहुण्यासमोर खोकतील तर शपथ. "वीज?" "येते की. जाते, पन येते." "पोरं शाळेत जातात?" "एक दिस खाडा नाय." हे मात्र खरं होतं. का खरं होतं ते कुणी सांगितलं नाही. मग साहेबांनी विचारलं, "आणि येण्याजाण्याचं कसं काय?" अख्ख्या वाडीने माना वळवून आबांकडे बघितलं. आबांचा लेंगा अजून ठिबकत होता. म्हणाले, "तसा तरास काय नाय. मी हाय की."

मी हाय की. बोला आता.

मी उठले. म्हटलं, "साहेब, त्रास आहे." तर आमची आजी, ठकूबाई, कशी बोलावी? "ती शिकलेली हाय ना, म्हनून तिला दिसतो तरास." सगळे हसले. साहेब हसले. शासन आणि समाज पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झाले, आणि ते माझ्यावर हसताना. मी आणखी बोलणार तोवर ताटं आली. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, मुठ्यांचं कालवण. मुठे म्हणजे शेतातले खेकडे, आजीने पहाटे स्वतः बांधावर जाऊन धरलेले. साहेबांनी कालवण दोनदा मागून घेतलं आणि मला म्हणाले, "ताई, भाग्यवान आहात. असं गाव मी पाहिलं नाही." मग आबांनी त्यांना परत पलीकडे नेलं. येताना जड होते, जाताना पोटभर जेवलेले होते.

आणि मग त्यांनी वर काय कळवलं? ग्रामस्थ समाधानी आहेत. दळणवळणाची स्थानिक व्यवस्था उत्तम आहे. साकवाची तातडी नाही. स्थानिक व्यवस्था! सत्तरी ओलांडलेली ती स्थानिक व्यवस्था घरात आडवी पडली होती आणि आजी स्थानिक व्यवस्थेच्या गुडघ्यांवर गरम मिठाची पुरचुंडी फिरवत होती.

मी मागणी खालून वर जाईल म्हणून बसले होते. आमच्याकडे खालून वर जातो चहा. फार तर मुठ्यांचं कालवण.

मग मी तोंड सोडलं. खरंच सोडलं. म्हटलं, "आबा, ज्यांनी आपल्याला ताठ मानेनं जगायला सांगितलं त्यांचा फोटो आहे समाजमंदिरात, आणि त्या फोटोसमोरून तुम्ही साहेबाला पाठीवरून आणलंत. आपली पाठ काय साहेबांसाठी आहे?" आबा शांतपणे म्हणाले, "साहेब व्हता तवा पल्याड व्हता. पाण्यात आला की पाव्हना." मी म्हटलं, "पाहुणा नव्हता, तो विचारायला आला होता. आपण सांगायचं होतं." तर म्हणाले, "दारात आलेल्या मान्साला पयलंच सांगू, आमच्याकं हे नाय आन ते नाय? त्याच्या घशाखाली घास उतरल का?" मी म्हटलं, "घास नाही उतरला तरी चालेल, सही उतरली पाहिजे." आजी म्हणाली, "बघा, हिला शिकवली तुमीच, घ्या आता."

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. "आबा, तुम्ही म्हातारे झालात. तुमच्याने नाही होत आता."

आजीचा हात गुडघ्यावर थांबला. आबा आढ्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "ठावं हाय गं मला. पन त्या परक्या मान्साला कसं सांगू?"

मी आजीच्या हातातली पुरचुंडी घेतली आणि शेकत बसले. म्हणजे बघा, सरकार विचारत होतं, साकव हवा का? आणि आबांना ऐकू येत होतं, रामभाऊ, तू संपलास का? कुठल्या पुस्तकात आहे हे? पुरवणी घेतली तरी मावलं नसतं.

पण मी काय सोडते होय. पुन्हा कचेरी. या वेळी नवीन मॅडम आल्या होत्या, सोनाली मॅडम, माझ्याहून थोड्याच मोठ्या. मी म्हटलं, आमचे लोक खोटं बोलतात, तुम्ही परत या. त्या म्हणाल्या, "खोटं बोलून मागतात, असं ऐकलंय. खोटं बोलून नको म्हणतात, हे नवीन आहे. येते."

मग मी वाडीची तालीम घेतली. हसू नका. समाजमंदिरात सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, म्हणा, आम्हाला त्रास आहे. कुणी म्हणेना. आजी म्हणाली, "असं तोंडावर कसं बोलायाचं गं, लाज वाटती." म्हटलं, बरं, सोपं करू. नागूकाका साहेब. बाकीच्यांनी त्यांना अडचणी सांगायच्या. नागूकाका खुर्चीवर बसले, छाती पुढे काढली, "हां, बोला, काय अडचणी हायेत?" आणि अहो, ज्या नागूकाकांशी आजीचं बांधावरून गेली कित्येक वर्षं वाकडं आहे, त्यांना खुर्चीत बघून आजी उठली आणि म्हणाली, "साहेब, च्या घेनार का?" मी कपाळावर हात मारला. नागूकाका म्हणाले, "साखर कमी टाक." आणि वर मला सांगतात, "दीक्षा, लोकं चांगली हायेत गं हितली."

शेवटी मी नियम केले. चहा नाही. भाकरी नाही. मुठे तर अजिबात नाहीत. बोलता येत नसेल तर बोलू नका, पण हात पाठीमागे बांधून काठावर उभं राहायचं आणि मॅडमना त्यांचं त्यांना येऊ द्यायचं. कुणीही पाण्यात उतरायचं नाही. आणि आबा, तुम्ही तर नाहीच. आबा म्हणाले, "तू म्हनती तर नाय उतरत." एवढ्या सहज म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मॅडमची गाडी आली. पलीकडे मॅडम, अलीकडे आमची वाडी, रांगेत, हात पाठीमागे. लोकांचे चेहरे बघवत नव्हते हो. पाहुणी काठावर उभी आहे आणि आपण नुसते बघतोय, याच्यापेक्षा यांना कुणी चाबकाने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. आजी पुटपुटत होती, "अगं, या तरी म्हना तिला कोनी." मी डोळे वटारले. मॅडमनी हात हलवला. नागूकाकांचा हात पाठीमागून सुटला, मी परत मागे बांधला. मॅडमनी बूट काढले, हातात घेतले आणि उतरल्या पाण्यात. गुडघाभर आल्या. मांडीभर आल्या. आणि सरळ खड्ड्याकडे निघाल्या… मी म्हटलं, जरा भिजू दे, जरा कळू दे, थोडंसं, एवढंसं… आणि शेजारी कसलीशी सळसळ झाली. आबांनी लेंगा गुंडाळायला घेतला होता.

झालं. मला तेवढं पुरलं. एक पाय उचलला होता त्यांनी. पुढचं काही मला आठवत नाही, मी पाण्यात होते. माझा नियम, माझी तालीम, माझी बी.ए., सगळं काठावर, आणि मी पाण्यात, मॅडमच्या पुढ्यात वाकलेली. "बसा पाठीवर."

"अहो, नको, मी येते."

"पुढे खड्डा आहे. बसा म्हणते ना."

बसल्या. उचललं. आणि तुम्हाला सांगते, माणूस जड असतं हो. आपण बसलेलो असतो तेव्हा कळत नाही. पाणी एका बाजूने ढकलतंय, तळातले गोटे सरकताहेत, आणि काठावरून आबा, "पाय उचलू नको, घासत टाक. पानी येतंय तिकडं तोंड कर. हां. घाई कोन करतंय तुला?" मी एकेक पाय घासत चाललेय आणि मनात येतंय, याच गोट्यांवर उभं राहून हा माणूस पस्तीसची वाट बघत थांबायचा.

आणि तेवढ्यात मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "दीक्षा, तुम्हाला सगळ्यांना फार त्रास होत असेल ना गं याचा?"

हाच तो क्षण. वर्षभर मी याची वाट बघितली. सरकार स्वतः विचारत होतं, तेही माझ्या पाठीवर बसून. भाषण पाठ होतं माझं, दळणवळण, आरोग्य, शिक्षण, सगळं क्रमाने. मी तोंड उघडलं. आणि मला दम लागलाय हे त्यांना कळू नये, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं हो… मी म्हटलं, "नाही हो मॅडम. तसा त्रास काही नाही."

काठावर जो हशा झाला. नागूकाका हसता हसता खोकायला लागले, मोकळेपणाने, पावसाळाभराचं साठलेलं. आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसत होतं? आमचे आबा.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मला खाली ठेव."

"इथे?"

"इथेच. तुझ्या पाठीवरून काही कळत नाहीये."

ठेवलं. भर मधोमध ठेवलं. पाणी त्यांच्या कमरेच्या वर गेलं, एक बूट हातातून सुटला तो गेला खाली वाहत, त्या सरकल्या, मी धरलं, मीही सरकले, आणि दुसऱ्या बाजूने एक हात आला आणि आम्हा दोघींना उभं केलं. आबा. आलेच शेवटी. "दोघींनी माजे खांदे धरा," म्हणाले, "आन पाय घासत टाका." तिघं जण अशीच काठाला लागलो. मॅडमच्या तोंडात माती गेलेली, हातात एकच बूट, दात वाजताहेत.

घरी आजीने त्यांना स्वतःचं ठेवणीतलं लुगडं नेसवलं, चुलीपुढे बसवलं, आणि माझे सगळे नियम मोडून चहा दिला. मॅडमच्या हातात कप बशीवर वाजत होता… टक टक टक टक. आबा त्या कपाकडे बघत होते. आजीने विचारलं, "पोरी, लय तरास झाला का गं?" आणि त्या भिजलेल्या सरकारने माझ्या आजीकडे बघितलं, कप खाली ठेवला, हात पदराखाली घेतला आणि म्हणालं, "नाही आजी. तसा काही नाही."

आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बाय, खोटं नको बोलू. मला बी झेपत नाय आता."

एवढंच. माझ्या वर्षभराच्या आरडाओरड्याने जे निघालं नाही, ते चुलीपुढे निघालं. मॅडमनी काही लिहून घेतलं नाही. लिहायचं होतं ते सगळं भिजलं होतं.

दिवाळीनंतर निरोप आला, साकवासाठी जागा बघायला इंजिनीयर येणार आहेत. होईल कधी ते माहीत नाही, पण येणार आहेत. या वर्षी पाऊस काही उघडायचं नाव घेत नाही, वहाळाला अजून मांडीभर पाणी आहे. मी धावत घरी गेले, आबांना सांगितलं, वाटलं, आता तरी म्हणतील की सुटलो. संध्याकाळी बघते तर आबा ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल लावताहेत. मी म्हटलं, "आबा, हे काय चाललंय?"

म्हणाले, "इंजनेर येनार ना? त्यो काय मोजायच्या आधीच भिजंल?"

मी भांडले नाही. काय भांडायचं? त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी न बघता तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली, मी खांद्यांना लावून घेतलं. इंजिनीयर अंगाने कसे आहेत, ते तेवढं कचेरीत विचारून ठेवलंय. चांगले भरलेले आहेत म्हणे.

असो. तसा त्रास काही नाही.